दिल्लीचा पैसा आणि रकाना क्रमांक सात

(डिचोलीतल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'राज्यांचं केंद्रावरचं आर्थिक अवलंबित्व : गोव्याच्या संदर्भात'. काल इथे नाट्यसंगीतावर व्याख्यान झालं, तेव्हा म्हणे दारात खुर्च्या टाकाव्या लागल्या. आज पुढच्या दोन रांगा मोकळ्या आहेत, म्हणजे विषयाचा परिणाम मी उभा राहायच्या आधीच सुरू झालाय. जे आलात त्यांचे मनापासून आभार. माझं सगळं आयुष्य सरकारी लेखा खात्यात गेलं. जे बोलायला लागलो की घरचे उठून स्वयंपाकघरात जातात, ते ऐकायला तुम्ही जिना चढून आलात.

शेवटी वेळ उरत नाही हा नेहमीचा अनुभव आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. नुसती रक्कम पाहिली तर गोवा दिल्लीवर फारसा अवलंबून नाही. आपलं घोडं अडतं ते अटींवर, तारखांवर आणि परवानग्यांवर. दरवर्षी आपलं शिष्टमंडळ दिल्लीला जातं आणि 'गोव्याला जादा द्या' म्हणून निवेदन देऊन, फोटो काढून परत येतं. माझं म्हणणं, जादा मागू नका, मोकळं मागा. हे मी सेस (म्हणजे उपकर), योजना आणि कर्ज अशा तीन भागांत मांडणार आहे.

वित्त आयोग म्हणजे काय हे इथे सांगत बसत नाही. १९५१ साली नियोगींचा पहिला आयोग आला, तेव्हापासून साधारण दर पाच वर्षांनी एक येतो, केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवतो आणि जातो. हा पैसा मोकळा. राज्याने तो कशावर खर्चायचा हे राज्यच ठरवतं. त्याशिवाय दिल्लीच्या योजनांचा पैसा येतो, तो बांधलेला. हा फरक तेवढा लक्षात ठेवा.

आता आपली परिस्थिती. गोवा सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या महसुलातला निम्म्याहून बराच जास्त भाग गोवा स्वतः उभा करतो. बिहारचं उलटं आहे, तिथे रुपयातले बारा आण्यांच्या आसपास दिल्लीहून येतात. आता एक गंमत सांगतो, ती फक्त लेखा खात्यातल्या माणसालाच गंमत वाटते. बहुतेक राज्यांत विजेच्या कंपन्या झाल्या. आपलं वीज खातं अजून सरकारी खातंच आहे. त्यामुळे तुम्ही-आम्ही भरलेलं लाइटबिल सरकारचा 'करेतर महसूल' म्हणून जमेला लागतं आणि विकत घेतलेल्या विजेचे पैसे खर्चाच्या बाजूला जातात. म्हणजे आपली स्वतःची कमाई आहे त्यापेक्षा फुगलेली दिसते. उन्हाळ्यात आपले पंखे जितके जोरात फिरतात तितकं राज्य स्वयंपूर्ण! पण ती सूज उतरवली तरी माझं विधान टिकतं.

केंद्रशासित होतो तेव्हाची गोष्ट वेगळी होती. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात शाळा उघडल्या, रस्ते झाले, त्यात दिल्लीचा पैसा होता. १६ जानेवारी १९६७ चा, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही या जनमत कौलाचा विषय मी आज काढणार नाही. काढला तर आपण सगळे दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडू. पण ३० मे १९८७ ला राज्य झालं आणि दिल्लीशी नातं बदललं, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हावं. त्या वेळी घटनेत गोव्यासाठी खास कलमही आलं, ३७१ झ. आपल्याकडे 'खास दर्जा, खास दर्जा' म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावं. गोव्याच्या विधानसभेत ३० पेक्षा कमी आमदार नसावेत, एवढंच त्यात म्हटलंय. आमदार कमी पडतील ही काळजी आपल्या राज्याबद्दल कुणाला वाटली असेल, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

असो. आता माझी आवडती गोष्ट. अध्यक्षांनी ती आधी ऐकलेली आहे, त्यांनी डोळे मिटून घेतले तरी मी गैरसमज करून घेणार नाही.

मी तालुक्याच्या ठिकाणी एका कार्यालयात लेखाधिकारी होतो. कुठलं कार्यालय ते विचारू नका, माणसं अजून हयात आहेत आणि पेन्शनीवर आहेत. केंद्राच्या एका ग्रामीण योजनेतून सत्तरीतल्या एका गावाला पाण्याची टाकी मंजूर झाली. पहिल्या हप्त्यात टाकी, दुसऱ्या हप्त्यात पंप आणि नळ. पहिला हप्ता आला, टाकी उभी राहिली, रंगसुद्धा मारला. आता दुसऱ्या हप्त्यासाठी दिल्लीला यूसी पाठवायचं. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, हे नोकरी केलेल्यांना सांगायला नको, त्यांना ते रात्री स्वप्नात येतं. त्या नमुन्यात सहा नंबरच्या रकान्यात सरपंचाची सही, आठव्यात जिल्हा पंचायत अध्यक्षाची, आणि मध्ये सातव्यात मध्यस्तर पंचायतीच्या सभापतीची.

आता मंडळी, गोव्यात मध्यस्तर पंचायत नाही. महाराष्ट्रात पंचायत समिती असते, तिचा सभापती असतो, त्याची गाडी असते. आपल्याकडे ग्रामपंचायत आणि तिच्यावर थेट जिल्हा पंचायत. यात बेकायदा काही नाही. ज्या राज्याची लोकसंख्या २० लाखांच्या वर नाही त्याला मधला थर न ठेवण्याची मुभा घटनेच्या २४३ ख कलमातच दिलेली आहे आणि आपल्या १९९४ च्या पंचायत राज कायद्याने ती घेतली. म्हणून सातवा रकाना आम्ही कोरा ठेवला.

यूसी परत आलं. वर शेरा, 'रकाना ७ अपूर्ण'.

मी कलमाचा हवाला देऊन पत्र लिहिलं. उत्तर आलं की गोव्याला मध्यस्तर पंचायतीतून सूट दिल्याची अधिसूचना जोडावी. आता कायद्यात जी गोष्ट घातलेलीच नाही, ती घातली नसल्याची अधिसूचना कोण काढणार? मी अख्खा कायदा झेरॉक्स करून पाठवला. त्यावर जे पत्र आलं ते मी पुष्कळ दिवस खिशात बाळगलं होतं. 'सदर राज्यात मध्यस्तर पंचायत कधीपर्यंत स्थापन होईल ते कळवावे.'

(हशा)

हसू नका, पत्र रजिस्टर पोस्टाने आलं होतं.

तेवढ्यात आमच्या कार्यालयातल्या पेडण्याच्या एका पोराने तोडगा काढला. म्हणाला, सर, आपल्याकडे गटाची पंचायत नसेल, पण गटविकास अधिकारी तर आहेत ना? बीडीओची सही घेऊया. खरंच, गट आहे, गटविकास अधिकारी आहे, त्याचा शिपाई आहे, फक्त गटाला पंचायत नाही. सही घेतली, गोल शिक्का मारला, पाठवलं. परत आलं. 'लोकप्रतिनिधीची सही आवश्यक.' मी दिल्लीला फोन लावला. पलीकडचा माणूस स्वभावाने अगदी चांगला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाईसाब, किसी से भी करवा लीजिए." सरकारी सेवेत एवढा व्यवहारी सल्ला मला कुणी दिला नाही. पण ऑडिट होतं, तेव्हा तो फोनवरचा माणूस साक्षीला येत नाही. मी कुणाकडूनही करवून घेतली नाही.

यात ३१ मार्च उलटला. हप्ता त्या वर्षाचा होता, तो गेला. एप्रिल-मे महिन्यात गावात टाकी कोरडी उभी आणि तिच्या खाली टँकरपाशी बायका कळशा घेऊन रांगेत. सरपंच दर सोमवारी आमच्याकडे यायचे. भला माणूस, त्यांना वाटायचं सात नंबर म्हणजे दिल्लीतला कुणी मोठा साहेब आहे. मला म्हणायचे, "साहेब, त्या सात नंबराक सांगात मरे, बेगीन सही कर म्हूण. जाय जाल्यार हांव मेळटां ताका." म्हणजे, लवकर सही कर म्हणून सांगा, हवं तर मी भेटतो त्याला. मी काय सांगणार? मीही त्यालाच शोधत होतो.

पुढच्या वर्षी सगळं संगणकावर आलं. पोर्टल. सातव्या रकान्यापुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पान पुढे जात नाही. पेडण्याच्या त्याच पोराने 'लागू नाही' लिहिलं, संगणक म्हणाला, चालणार नाही. शून्य टाकलं, चालणार नाही. शेवटी वैतागून त्याने त्या रकान्यात एक टिंब दिलं. नुसतं टिंब. पान सरकलं आणि दुसरा हप्ता मंजूर झाला! दिल्लीच्या दप्तरात आमच्या मध्यस्तर पंचायतीचे सभापती म्हणून आजही ते टिंब बसलेलं असणार. पंप आला, पाणी चढलं, उद्घाटनाला कोण कोण आलं ते सांगत नाही.

ही गोष्ट मी दुखणं म्हणून सांगतो, करमणूक म्हणून नव्हे, करमणूक होते तो भाग वेगळा. त्या पंपाची रक्कम एवढी लहान होती की पणजीतल्या एका सरकारी कार्यक्रमाच्या मांडवात ती बसली असती. गोवा सरकारला ती स्वतःच्या खिशातून देता आली नसती का? सहज आली असती. पण योजना केंद्राची, म्हणून राज्याने हात लावायचा नाही, लावला तर पुढचा हप्ता अडकेल, म्हणून सगळे त्या रकान्याकडे बघत बसले. अवलंबित्व म्हणतात ते हे. ते अर्थसंकल्पाच्या गोषवाऱ्यात दिसत नाही.

आता आकड्यांकडे येतो. पंधराव्या वित्त आयोगाने करांच्या वाटपयोग्य रकमेतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि त्यातले ०.३८६ टक्के गोव्याला. म्हणजे राज्यांत वाटल्या जाणाऱ्या दर १,००० रुपयांत आपले ३ रुपये ८६ पैसे. ऐकायला फार कमी वाटतं आणि आपले पुढारी ते तसंच ऐकवतात. पण देशातल्या दर १,००० माणसांत गोंयकार किती? २०११ च्या शिरगणतीत आपण साडेचौदा लाख, म्हणजे हजारात जेमतेम सव्वा माणूस. सव्वा माणसाला पावणेचार रुपयांच्या वर मिळाले. हे भाषणात कुणी सांगणार नाही.

ते मिळाले कसे, हेही मजेशीर आहे. त्या आयोगाच्या सूत्रात ४५ टक्के वजन होतं उत्पन्नातल्या अंतराला. जो गरीब त्याला जास्त. तिथे आपल्याला जवळपास काहीच मिळालं नाही, कारण दरडोई उत्पन्नात गोवा आणि सिक्कीम इतके पुढे की आयोगाने त्यांना मोजपट्टी म्हणून घेतलंच नाही, तिसऱ्या नंबरच्या हरयाणाला घेतलं. मग १५ टक्के वजन क्षेत्रफळाला. आपण ३,७०२ चौरस किलोमीटर, देशाच्या जमिनीचा हजारावा भाग आणि वर थोडं. पण लहान राज्यांना सरकार चालवायचा किमान खर्च येतोच, म्हणून ज्यांचं क्षेत्रफळ २ टक्क्यांहून कमी त्यांना २ टक्के धरायचं, अशी सवलत होती. आयोगाने कागदावर आपल्याला सतरा-अठरापट मोठं केलं. आपल्या वाट्याचा निम्म्याहून जास्त भाग या एका सवलतीतून आला. म्हणजे दिल्लीने आपल्याला लहान म्हणून हिणवलं असं जे म्हणतात, त्यांनी हिशेब करावा. लहान असण्याचेच पैसे मिळाले.

आणि यावर आपल्या सरकारने काय मागावं? २०२५ च्या सुरुवातीला पनगढियांचा सोळावा आयोग गोव्यात आला, तेव्हा राज्याने १.७६ टक्के वाटा मागितला. चौपटीहून जास्त. मागायला पैसे पडत नाहीत हे मान्य. पण वाटपाचं ताट एकच असतं, आपल्याला चौपट द्यायचं तर ते बिहार-ओडिशाच्या वाढपातून काढायचं. ते आयोग कसं करणार? चौपट झालं नाही हे वेगळं सांगायला नको.

मग मागायला हवं होतं काय? आता माझा सेसचा भाग. पेट्रोल घ्या, डिचोलीतल्या पंपावरचं. मे २०२२ मध्ये केंद्राने कर कमी केला, त्यानंतर एप्रिल २०२५ पर्यंत लिटरमागे दिल्लीचा कर होता १९ रुपये ९० पैसे. यातला राज्यांबरोबर वाटून घ्यायचा मूळ उत्पादन शुल्काचा भाग किती? १ रुपया ४० पैसे. बाकी सगळा सेस आणि विशेष अतिरिक्त शुल्क, रस्त्याच्या नावाने, शेतीच्या नावाने, ते दिल्लीचंच. त्या १ रुपया ४० पैशांतले ४१ टक्के राज्यांचे, म्हणजे ५७ पैसे, आणि त्यात गोव्याचे पाव पैशाहून कमी. वित्त आयोगाने टक्का ३२ चा ४२ केला, पुढे ४१ केला, त्यावर पेपरांत अग्रलेख आले. पण ज्या रकमेवर तो टक्का लागतो तीच बाजूने कातरली, तर टक्का वाढवून काय होणार? सेस कुठे जातो तेही सांगितलं पाहिजे. झुआरीचा नवा पूल २९ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, तो केंद्राच्या महामार्ग कार्यक्रमातूनच आला. मीही त्यावरून जातो आणि खिडकीतून बघतो. पण त्या पैशाचं काय करायचं हे ठरवताना पणजीला कुणी विचारत नाही, एवढंच माझं म्हणणं.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर २०१२ आठवा. पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर, ०.१ टक्क्यावर आणला. लिटरमागे ११ रुपयांच्या आसपास उतरले आणि दोडामार्गापासून बेळगावापर्यंतची माणसं टाकी भरायला गोव्यात यायला लागली. पुढे तो व्हॅट हळूहळू पुन्हा वर गेला. निर्णय बरा की वाईट यावर वाद घाला, पण तो पर्वरीत, आपल्याच विधानसभेत बसून घेता आला. आज राज्याच्या हातात मोठे असे कर उरलेत ते पेट्रोल, दारू, मुद्रांक शुल्क, गाड्यांचा कर. बाकी जीएसटी, आणि त्याचा दर एकट्या गोव्याने ठरत नाही.

आणि खाण! डिचोलीत उभा राहून खाणीवर बोललो नाही तर तुम्ही मला घरी जाऊ देणार नाही. खनिजावरची रॉयल्टी राज्याला मिळते, पण दर ठरवतं केंद्र, १९५७ च्या कायद्याने. चीनला खनिज जात होतं, भाव आकाशाला भिडले होते, या रस्त्यावरून ट्रकांची रांग तुटत नव्हती, घराघरांत लाल धूळ, तेव्हा रॉयल्टी टनामागे काही रुपये होती. ठरावीक. भाव दुप्पट झाला तरी तेवढीच. ऑगस्ट २००९ मध्ये ती किमतीच्या १० टक्के झाली, २०१४ मध्ये १५. मधल्या वर्षांत जे गेलं ते गेलं, आणि त्यासाठी दिल्लीने आपल्याला एक पैसा द्यायचा राहिला होता असं कुणी म्हणू शकत नाही. ज्यांनी त्या काळात ट्रक घेतले आणि २०१२ ला, मग २०१८ ला खाणी बंद पडल्यावर हप्ते फेडताना काय झालं, ते या सभागृहात माझ्यापेक्षा जास्त जाणणारे बसलेत, त्यांच्यापुढे मी ते सांगणार नाही.

आणखी एक प्रसंग, तोही आपल्याच भूमीवरचा. २० सप्टेंबर २०१९. पणजीत जीएसटी कौन्सिलची ३७वी बैठक. सगळ्या राज्यांचे अर्थमंत्री गोव्यात. बैठक सुरू होण्याआधी सकाळी निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं की कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला. शेअरबाजाराने त्या दिवशी उड्या मारल्या. आता हा कर वाटपातला. तेव्हा राज्यांचा वाटा ४२ टक्के. म्हणजे कागदी हिशेबाने त्यातले ६० हजार कोटींच्या आसपास राज्यांचे गेले आणि गोव्याचे दोनशे कोटींच्या घरात. राज्यांचे अर्थमंत्री तिथेच, त्याच गावात! बैठक होती, पण हा विषय बैठकीत नव्हताच, कारण तो विचारण्याचा विषय नव्हे. संध्याकाळी कौन्सिलने ७,५०० रुपयांवरच्या हॉटेलच्या खोल्यांचा कर २८ वरून १८ वर आणला, आपले हॉटेलवाले खूश झाले आणि दुसऱ्या दिवशी इथे त्याचीच चर्चा जास्त.

याच कौन्सिलमध्ये मे २०२१ ला आपले मंत्री माविन गुदिन्हो आणि तामिळनाडूचे तेव्हाचे अर्थमंत्री पलानिवेल त्यागराजन यांची जुंपली होती. एवढ्याशा गोव्याला तामिळनाडूएवढंच एक मत का, असा त्यागराजन यांचा सवाल. आपला अभिमान दुखावला, निवेदनं निघाली. मी मात्र गणित करत बसलो. मतांत केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी दिल्लीशिवाय ठराव नाही. गोवा मोठा की तामिळनाडू मोठा यावर भांडून काय उपयोग?

...चिठ्ठी आली आहे. 'साडेसातला जत्रेच्या नाटकाची तालीम आहे, कृपया आवरतं घ्यावं.' खालून पेटीही ऐकू येतेय. म्हणजे मला दहा मिनिटं आहेत आणि ज्यासाठी तुम्हाला बोलावलं त्यातले दोन भाग शिल्लक आहेत. घाईने सांगतो, उतरून घेणाऱ्यांनी क्षमा करावी.

योजना. केंद्रपुरस्कृत योजनांत आपला हिस्सा ४० टक्के, केंद्राचा ६०. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना हेच ९०-१० आहे. आपल्याला ९० नको, आपल्याला परवडतं. पण ४० टक्के आपले असताना नमुना शंभर टक्के त्यांचा का? गोव्याला मोठ्या राज्यासाठी आखलेला नमुना बसत नाही, मधला थर नसतो, गावाची वस्ती वेगळी असते, मुलांच्या माध्यान्ह आहारात आपल्याकडे पाव-भाजी चालते आणि ती बनवतात महिलांचे स्वयंसाहाय्य गट. त्या गटांची बिलं महिनोन्‌महिने थकतात तेव्हा त्यांना खिडकीवर एकच उत्तर मिळतं, 'वरून आले नाहीत'. वरून म्हणजे कुठून, ते त्या बायकांना कोण सांगणार? पावाचे पैसे पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, रोजच्या रोज द्यावे लागतात. मागणी अशी असावी की छोट्या राज्यांसाठी योजनांचे पैसे एकत्र करून वित्त आयोगाच्या वाट्यासारखे मोकळे द्यावेत, आणि हिशेब शेवटी मागावा, हप्त्याहप्त्याला नको.

कर्ज. घटनेचं २९३ वं कलम. राज्यावर केंद्राचं कर्ज बाकी असेल तर नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. ते बहुतेक सगळ्यांवर असतंच. केरळने यावर सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, एप्रिल २०२४ मध्ये तो पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेला. आपण त्याकडे केरळची भानगड म्हणून बघतो, पण निकाल लागेल तो आपल्यालाही लागू होईल. २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं. चांगली गोष्ट आहे, कोण नको म्हणेल? पण त्यात अटी असतात आणि एक अट अशी की केंद्राच्या योजनांची नावं फलकावर ठरल्याप्रमाणेच हवीत. रस्ता कसा आहे ते नंतर, आधी पाटी बघतात. मोकळं कर्ज थोडं जास्त व्याजाने घेतलेलं मला चालेल, पण हे माझं मत झालं, आणि वित्त सचिव झालो नाही म्हणून मी ते बोलू शकतो.

तिसरं, सेसवर मर्यादा. ठरावीक वर्षांहून जास्त चाललेला सेस आपोआप वाटपात यावा. यात बिहार, केरळ, पंजाब सगळे आपल्याबरोबर येतील, कारण कुणाचंच ताट कमी होत नाही. १.७६ टक्क्यांच्या मागणीत आपल्याबरोबर कुणीही येणार नव्हतं.

आणि मागे जे पंच बसलेत ते मघापासून हसतायत, मला दिसतंय. त्यांना म्हणायचंय की दिल्ली पणजीला जसं वागवते तसंच पणजी पंचायतीला वागवते. अगदी बरोबर. गावचा ठराव पणजीला जाऊन वर्ष वर्ष पडून राहतो आणि पंचायतीच्या सचिवाला विचारलं की तोही म्हणतो, 'वरून आलं नाही'. त्यावर वेगळं व्याख्यान होऊ शकतं. बोलावलंत तर येईन, नाट्यसंगीताच्या आदल्या दिवशी ठेवा.

शेवटचं, आणि हे एक काम आहे, भाषण नव्हे. आपल्या आमदारांना विधानसभेत एवढाच तक्ता मागायला सांगा: गेल्या पाच वर्षांत केंद्राच्या प्रत्येक योजनेचा दुसरा हप्ता गोव्याच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा झाला आणि कोणत्या कारणाने उशीर झाला. रक्कम विचारूच नका, तारीख विचारा. रकमेवर मंत्री तासभर बोलतात, तारखेवर बोलता येत नाही. अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या प्रश्नाचा मसुदा मी टंकलिखित करून आणलाय, तीन प्रती आहेत, इथे टेबलावर ठेवतो. लाइटबिलाच्या हिशेबावरून ज्यांना माझ्याशी भांडायचंय ते बाहेर चहाकडे या, तालमीची मंडळी दारात उभी आहेत.